गव्हाशिवाय घर चालवायचं तर फडताळात काय भरावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकचं चौघांचं घर. पत्नीला बायोप्सी होऊन सीलिएकचं, म्हणजे ग्लुटेन या गव्हातल्या प्रथिनाने आतड्याला इजा होण्याच्या आजाराचं, निदान झालंय. दोघंही नोकरी करतात, घरात आई आहेत आणि सहा वर्षांची मुलगी. पहिल्या महिन्यात 'ग्लुटेन-फ्री' लिहिलेलं जे जे दिसलं ते मागवलं, पैसे भरपूर गेले, तो ब्रेड कुणी खाल्ला नाही आणि शेवटी पत्नी दोन्ही वेळ भातावर आल्या. आता तुम्हाला यादी हवी आहे: घरात काय काय भरून ठेवलं तर रोजचं जेवण आणि डबा अर्ध्या-पाऊण तासात होईल? शिवाय स्वयंपाकघर वेगळं करावं लागतं का, आणि खपली गहू, ओट्स चालतात का.

मी आहारतज्ज्ञ आहे, माझ्याकडे सीलिएकची माणसं बरीच येतात. यादी देतेच, पण नुसत्या यादीने तुमचं काम होणार नाही. मराठी घराला गव्हाविना जेवायला शिकवावं लागत नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, पोहे, वरी, राजगिरा, झाडून सगळ्या डाळी-कडधान्यं, यांत मुळात ग्लुटेन नाही. ही धान्यं तुमच्या घरात आजही असतील. तरीही माझ्याकडे येणाऱ्या कित्येकांचे रिपोर्ट वर्षभर पथ्य करूनही सुधारत नाहीत, कारण ज्वारी घरी येईपर्यंत तिच्यात गहू मिसळलेला असतो. म्हणून माझ्या यादीचा पहिला नियम: दाणा विकत घ्या, पीठ घरात करा.

त्याआधी एक खुलासा. तुमच्याकडे बायोप्सी झालेली आहे, तेव्हा निदानाचा प्रश्न उरत नाही. पण 'गहू सोडला की बरं वाटतं' एवढ्यावर कुणी हे वाचत असेल, तर त्यांनी गहू बंद करण्याआधी टीटीजी-आयजीए ही रक्ताची तपासणी करून घ्यावी. गहू सोडून काही महिने गेले की आकडा खाली येतो आणि मग खरं काय ते कळत नाही. गव्हाची अ‍ॅलर्जी हा वेगळा प्रकार, नुसता गहू न सोसणं हा तिसराच. सीलिएकमध्ये गहू, जव (बार्ली) आणि राय (गव्हासारखंच एक धान्य, मोहरी नव्हे) यांतल्या ग्लुटेनमुळे शरीर आपल्याच आतड्याच्या अस्तरावर उलटतं, त्यामुळे पथ्य जन्मभराचं आणि काटेकोर. खाली लिहिलंय ते या काटेकोर पथ्यासाठी. साध्या अपचनासाठी कुणी एवढा व्याप करू नये.

काटेकोर म्हणजे किती, तेही सांगते. एका मध्यम पोळीत साधारण दोन ते तीन ग्रॅम ग्लुटेन असतं. सीलिएक असलेल्या माणसाच्या पोटात रोज 50 मिलिग्रॅम गेलं तरी काही महिन्यांत आतड्याला इजा होते, असं दिसून आलंय. म्हणजे पोळीचे चाळीस-पन्नास तुकडे केले तर त्यातला एक. पोट दुखलंच पाहिजे असंही नाही, कित्येकांना काहीच जाणवत नाही आणि आतलं नुकसान चालू राहतं. 'मला तर काही झालं नाही' हा पुरावा इथे उपयोगाचा नाही.

आता गिरणीत जाऊ. तुम्ही ज्वारीचा डबा ठेवता. तुमच्या आधी कुणाचा तरी दहा किलो गहू दळून झालेला असतो. गिरणीवाला तोंडाला बांधलेली कापडी नळी दोनदा झटकतो, वर तुमची ज्वारी ओततो आणि पहिलं पीठ तुमच्या डब्यात पडायला लागतं. त्या पहिल्या पिठाचा रंग नीट बघा, ज्वारीच्या मानाने पिवळसर दिसेल. तो गहूच. दगडात, नळीत, सुपात, हवेत, सगळीकडे तो असतो. 'ज्वारीवर ज्वारी टाका' असं सांगून प्रमाण कमी होतं, पण सीलिएकला पुरेल इतकं नाही. काही गिरण्यांत ज्वारी-बाजरीची चक्की वेगळी असते, तिथे जरा बरं, पण पिठाची धूळ आणि माप घेणारे हात तेच असतात.

त्यामुळे मी पहिला खर्च सुचवते तो घरघंटीचा. रक्कम एकदम जाते, मान्य. पण महिनोन्महिने पाकिटबंद पिठांवर जे जातं त्याच्या मानाने ती वसूल होते. अट एकच: त्या घरघंटीत गहू कधीही दळायचा नाही, पाहुण्यांसाठीसुद्धा नाही आणि शेजारणीच्या आग्रहाखातरसुद्धा नाही. बाकी घराचा गहू पूर्वीसारखा बाहेरच्या गिरणीत जाऊ दे. जुनी वापरलेली घरघंटी स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नका, तिच्यात आयुष्यभर गहूच दळलेला असतो.

घरघंटी लगेच जमणार नसेल तर मिक्सरवर तांदूळ, नाचणी आणि वरीचं पीठ ठीक होतं. ज्वारीचं मात्र जरा रवाळ राहतं. त्याची थालीपिठं, धिरडी होतात, भाकरी थापताना तडे जातात. भाकरीपुरतं पाकिटातलं पीठ घ्यायचं तर त्यावर 'ग्लुटेन-फ्री' असा स्पष्ट दावा हवा. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या म्हणजे एफएसएसएआयच्या नियमानुसार हा दावा करायला किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या वर ग्लुटेन चालत नाही. नुसतं 'मिलेट', 'मल्टिग्रेन' किंवा 'नैसर्गिक' लिहिलेलं असेल तर त्याला काही अर्थ नाही. नाचणीची बिस्किटं म्हणून मिळतात त्यांच्या पाकिटामागे बारीक अक्षरांत पाहा, बऱ्याचदा पहिला घटक मैदा किंवा गव्हाचं पीठ असतं आणि नाचणी चवीपुरती.

दाणा आणला तरी तो निवडायला हवा, कारण बाजारात सगळी धान्यं एकाच काट्यावर, एकाच फावड्याने मोजली जातात. ज्वारी, मसूर, तांदूळ, राजगिरा, सगळ्यात गव्हाचे दाणे सापडतात. हे काम आईंकडे सोपवा आणि ते किती महत्त्वाचं आहे हे त्यांना नीट समजावून सांगा. पथ्याच्या घरात सासूला बाजूला बसवलं की तिथून कुरबुर सुरू होते. ताटात पातळ थर पसरला की पांढऱ्या गोल ज्वारीत लांबट, पोटावर चीर असलेला गव्हाचा दाणा चटकन दिसतो. निवडून झालं की दोन-तीन पाण्यांतून धुवायचं, सुती कापडावर घरातच सुकवायचं आणि खडखडीत झाल्यावर दळायचं. राजगिरा इतका बारीक की निवडता येत नाही, तो बारीक चाळणीने चाळून घ्या. गहू वर राहतो. चाळणी अर्थातच नवी.

आता किती भरायचं. एका भाकरीला साधारण 60 ग्रॅम पीठ लागतं. पत्नी दिवसाला तीन भाकऱ्या खातील असं धरलं तर महिन्याला साडेपाच किलो धान्य. माझा सल्ला मात्र असा की रात्रीचं जेवण अख्ख्या घराचं एकच ठेवा, सगळ्यांची भाकरी. मग आठवड्याला चारेक किलो ज्वारी-बाजरी-नाचणी मिळून लागेल. दोन तवे, दोन पिठं, दोन वेळा ओटा पुसणं हे सकाळपुरतंच उरतं. पत्नीलाही आपल्यासाठी वेगळं रांधलं जातंय असं वाटत नाही, आणि माझ्या अनुभवात पथ्य टिकण्यामागे हे कारण सगळ्यात मोठं असतं.

ज्वारी घ्यायची तर रब्बीची, शाळू किंवा मालदांडी. मंगळवेढा-सोलापूरकडची मिळाली तर उत्तम, गोडसर असते आणि पिठाला विरी, म्हणजे चिकटपणा, चांगली असते. वर्षाची भरून ठेवायची सवय असेल तर ठेवा, पण दळायची आठवड्यापुरती. ज्वारीचं पीठ जुनं झालं की विरी जाते, भाकरी थापता थापता चिरते आणि दोष बिचाऱ्या थापणाऱ्यावर येतो. बाजरीच्या पिठाचं आणखी नाजूक, तिच्यातल्या स्निग्धांशामुळे ते आठ-दहा दिवसांत कडवट होतं. उन्हाळ्यात पाच दिवसांचंच दळा किंवा फ्रिजमध्ये ठेवा. नाचणी टिकते. तिची भाकरी आवडली नाही तरी आंबील आणि घावनासाठी किलोभर पीठ असू द्या. 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, आणि सीलिएकमध्ये आतडं दुखावलेलं असल्याने कॅल्शियम, लोह, बी-12, ड जीवनसत्त्व या सगळ्याची वानवा असते.

फडताळातल्या बाकी जिनसा तुम्हाला पाठ असतील, म्हणून भरभर सांगते. रोजचा तांदूळ आणि इडली-घावनासाठी जाडा तांदूळ, जाडे आणि पातळ पोहे, तूर, मूग, हरभरा, उडीद, मसूर या डाळी, अख्खे मूग, मटकी, चवळी, छोले. बेसन विकतचं नको. हरभरा डाळ घरघंटीत दळा, त्यासाठीच ती घेतली. शेंगदाणे, तीळ, सुकं खोबरं, जवस, कारळं, म्हणजे कोरड्या चटण्यांची सोय. इथे एक सावधगिरी: जवस चालतात, जव चालत नाहीत. दुकानदार चिठ्ठी वाचताना हमखास घोळ घालतात. साबुदाणा, वरी, राजगिरा आणि शिंगाड्याचं पीठ, एका डब्यात इसबगोल. खारवलेल्या मिरच्या, पोह्याचे किंवा नाचणीचे पापड.

वरीबद्दल एवढंच की तिचं पीठ बाहेरून सुट्टं घेऊ नका. दमट हवेत त्याला बुरशी लवकर धरते आणि नवरात्रात भगरीच्या पिठातून विषबाधा झाल्याच्या बातम्या आपल्याकडे दर काही वर्षांनी येतात. दाणे घ्या, धुवा, लागेल तेवढंच दळा.

आता ज्या वस्तूंवर तुमचा संशय जाणार नाही त्या. पहिला मान हिंगाचा. आपण वापरतो तो बांधानी हिंग, म्हणजे थोडा हिंग आणि बाकी डिंक व पीठ. ते पीठ बऱ्याच डब्यांत गव्हाचं असतं, काहींत तांदळाचं. मागचा मजकूर वाचून तांदळाच्या पिठाचा घ्या. चिमूट ती केवढीशी, पण ती दोन्ही वेळच्या फोडणीत रोज जाते. शिवाय लोणच्यात, उडदाच्या पापडात, शेवेत, फरसाणात आणि हॉटेलच्या सांबारात तोच हिंग असतो. घरातली आताची डबी फेकून द्या, नवी आल्यावर 'आधी ही संपवू' असं करू नका.

दुसरं मेतकूट. मऊभात-मेतकूट हे आजारी माणसाचं जेवण म्हणून पत्नीला प्रेमाने वाढलं जात असेल, आणि पारंपरिक मेतकुटात डाळी-तांदळाबरोबर गहू भाजून घालतात. घरी करताना गहू वगळा आणि तेवढा तांदूळ वाढवा, चवीत फरक कळत नाही. थालिपिठाच्या भाजणीतही गहू असतो. माझं प्रमाण असं: चार वाट्या ज्वारी, दोन बाजरी, दोन तांदूळ, एक हरभरा डाळ, एक उडीद डाळ, अर्धी वाटी धणे आणि दोन चमचे जिरे. सगळं वेगवेगळं, मंद आचेवर खमंग भाजायचं. गव्हामुळे येणारा चिवटपणा उडीद भरून काढतो. तयार भाजणी, मग ती कुणाच्या कितीही ओळखीच्या काकूंनी केलेली असो, आणू नका. त्या स्वच्छ करतात, पण दळतात गिरणीतच.

सातूचं पीठ तर उघड उघड बाद, त्यात गहू असतो, कधी जवही. कुरडया गव्हाच्या चिकाच्या, शेवया गव्हाच्या, लापशी आणि दलिया गव्हाचे, रवा-मैदा सांगायलाच नको. दुधात घालायच्या बहुतेक पौष्टिक पावडरी जवाच्या माल्टच्या असतात. मक्याचे कॉर्नफ्लेक्स मक्याचेच, पण चवीला माल्टचा अर्क घातलेला असतो. सोया सॉस मुख्यतः गहू घालूनच आंबवतात. पाकिटावर 'माल्ट' शब्द दिसला की ते दुकानातच परत ठेवायचं. सुट्ट्या मसाल्याच्या पुड्यांपेक्षा अख्खे मसाले आणून घरी भाजून-कुटून केलेला गोडा मसाला किंवा कांदा-लसूण मसाला केव्हाही भरवशाचा.

खपली गव्हाचं विचारलंत. नाही. खपली जुनी, सकस, मधुमेहाला बरी वगैरे जे काही सांगतात त्यात तथ्य असेल, पण ती गव्हाचीच जात आहे आणि तिच्यात ग्लुटेन आहे. 'कमी ग्लुटेन' ही जाहिरात सीलिएकच्या माणसासाठी घातक आहे. आंबवलेलं, मोड आणलेलं, सेंद्रिय, कशानेही गव्हाचं ग्लुटेन चालण्याजोगं होत नाही. ओट्सची गोष्ट जरा वेगळी. त्यात मुळात गव्हासारखं ग्लुटेन नाही, पण शेतापासून कारखान्यापर्यंत गव्हाची भेसळ होते, आणि थोड्या लोकांना शुद्ध ओट्सही सोसत नाहीत. पहिलं वर्ष ते टाळा. रिपोर्ट सुधारला की 'ग्लुटेन-फ्री' दाव्याचे ओट्स डॉक्टरांना विचारून सुरू करता येतील. आणि खरं सांगू, पोहे असलेल्या घराला ओट्सवाचून काय अडतंय?

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर, दाणा आणून निवडून-धुऊन घरात दळा, हिंग बदला, मेतकूट-भाजणी घरी करा, माल्ट दिसला की सोडा. एवढं झालं की फडताळ तयार. आता त्यातून जेवण कसं काढायचं.

सकाळी गडबडीत होणाऱ्या गोष्टी: पोहे, तांदळाच्या पिठाचं घावन, नाचणीचं ताकातलं घावन, भाजणीचं थालीपीठ, तांदळाची उकड, बेसनाचं धिरडं. घावनाच्या पिठाला आंबवायची गरज नाही. पातळ कालवून दहा मिनिटं ठेवलं की झालं. रविवारी इडलीचं पीठ वाटून ठेवलं तर सोमवारी इडली, मंगळवारी डोसे, बुधवारी उरलंसुरलं आप्पेपात्रात. उपमा खावासा वाटला तर ज्वारी घरघंटीत जाडसर भरडा आणि तो रवा भाजून, अंमळ जास्त पाणी घालून कुकरला शिजवा. गव्हाच्या रव्यासारखा मोकळा होत नाही, मऊ होतो. पण लिंबू-कोथिंबीर घातलेला गरम गरम छान लागतो.

डबा ही खरी अडचण असते, आणि पत्नी भातावर येण्याचं कारण बहुधा तेच आहे. सकाळी सातला केलेली ज्वारीची भाकरी दुपारी एकला वातड होते. त्यावर उपाय उकड काढून केलेल्या पोळ्या. वाटीभर पाण्याला मीठ आणि चमचाभर तेल घालून खळखळ उकळू द्यायचं, वाटीभर ज्वारीचं पीठ एकदम घालून उलथन्याच्या दांड्याने ढवळायचं, गॅस बंद, झाकण, दहा मिनिटं. मग हात सोसेल इतकं गरम असतानाच भरपूर मळायचं. मळायला आळस केला तर पोळी कडेने फाटते. इथे एक चमचा इसबगोल घातलात तर लाटायला आणखी सोपं जातं. लाटताना ज्वारीचंच पीठ लावा, तव्यावर दोन्हीकडून भाजा, काढल्या काढल्या कपड्यात गुंडाळा आणि डबा भरताना तुपाचं बोट फिरवा. या पोळ्या दुपारपर्यंत मऊ राहतात, घडीही पडते. तांदळाच्या पिठाची उकडीची भाकरी याच पद्धतीने आणखी मऊ होते. भाजणीचं थालीपीठ आणि दही हाही डब्यातला हुकमी पदार्थ, गार झालं तरी खाववतं.

कपाटात एक आणीबाणीची वस्तू म्हणून सोलापूरकडची कडक भाकरी ठेवा. नीट बंद डब्यात कित्येक दिवस राहते, आमटीत कुस्करली की जेवण होतं, ऑफिसच्या खणातही ठेवता येते. फक्त ती करणाऱ्या ठिकाणी शेंगापोळ्या वगैरे गव्हाचे पदार्थही होतात का, हे विचारून घ्या. होत असतील तर घरीच भाकऱ्या मंद आचेवर वाळवून करा.

संध्याकाळी घरी आल्यावर अर्ध्या तासात: मुगाची खिचडी आणि पापड, पिठलं-भाकरी, कढी-भात आणि मोड आलेल्या मटकीची उसळ, सकाळी भिजवून गेलात तर मुगाची धिरडी आणि शेंगदाण्याची चटणी. वरणफळंसुद्धा ज्वारी आणि तांदळाच्या पिठाची उकड काढून जमतात, फक्त वरणात सोडल्यावर फार ढवळायची नाहीत. यातलं काहीच 'पथ्याचं' दिसत नाही, आणि तुमची मुलगीही तेच खाईल.

रोज साबुदाणा, बटाटा आणि पांढरा भात एवढंच होऊ देऊ नका. गहू गेला की माणसं सोपं म्हणून उपवासाच्या फळीकडे वळतात. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, त्यात ना प्रथिनं ना तंतू. वजन वाढतं, पोट साफ होत नाही आणि दोष पथ्यावर येतो. विकतच्या ग्लुटेन-फ्री पिठांचंही तेच. त्यातली बरीच तांदूळ, मका आणि टॅपिओकाच्या पिष्टाची असतात. एखादं पाकीट असू द्या, पत्नीला कधी पोळीसारख्या पोळीची फार आठवण झाली तर. रोजचं पीठ ते नव्हे. सुरुवातीचे काही महिने दूध पचत नसेल तर घाबरू नका. आतड्याचं अस्तर भरून येईपर्यंत तसं होतं, ताक-दही सहसा चालतं.

स्वयंपाकघर वेगळं लागत नाही, पण काही वस्तू वेगळ्या लागतात: पोळपाट-लाटणं, परात, पिठाची चाळणी, भाकरीचा तवा, लाकडी उलथनं, आप्पेपात्र. लाकूड आणि बिडाच्या भेगांत पीठ राहतं आणि धुऊन जात नाही. स्टीलची पातेली, कुकर, ताटं-वाट्या नीट घासून सगळ्यांना एकच चालतील. ओट्यावर गव्हाची कणीक आणि ज्वारीचं पीठ एका वेळी उघडं नको, कोरडं पीठ उडतं. आधी भाकरी, मग पोळ्या. तळणीचं तेल वेगळं, तूप-लोण्याची वाटीही वेगळी, कारण पोळीला लावलेला चमचा पुन्हा वाटीत जातोच. आईंना हे जड जाणार नाही. उपवासाच्या खिचडीत जेवणातला डाव जाऊ नये म्हणून त्या जे लक्ष ठेवतात, तेच इथे रोज ठेवायचं आहे.

सणांचं फार मनावर घेऊ नका. उकडीचे मोदक, पातोळ्या, अनारसे, बेसनाचे लाडू, पोह्यांचा चिवडा, तिळाच्या वड्या, हे सगळं तुमचंच आहे, पीठ आणि हिंग घरचे असले की झालं. पुरणपोळीच्या दिवशी पुरण वाटीत, वर तूप. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा तुमच्या घरी वरीचा करा. दुसऱ्यांकडे मात्र प्रसाद कपाळाला लावून घरी आणायचा, 'कणभर खाल्ला तर काय होतंय' याला पत्नीने ठामपणे नाही म्हणायला हवं. आणि त्यांच्या आधी तुम्ही म्हणालात तर ते जास्त सोपं होईल.

किती दिवसांत फरक पडेल ते माणसागणिक बदलतं. थकवा, जुलाब, पोट फुगणं बहुतेकांचं काही आठवड्यांत कमी होतं, आतडं भरून यायला मोठ्या माणसांत वर्ष-दोन वर्षंही लागतात. टीटीजी सहा महिन्यांनी आणि मग वर्षाने पुन्हा करा, सोबत हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-12 आणि ड जीवनसत्त्व. आकडा उतरत नसेल तर आधी पीठ कुठे दळलं जातंय ते बघा, मग हिंग, मग चालू असलेल्या गोळ्यांत ग्लुटेन आहे का ते डॉक्टरांना विचारा.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत. सीलिएक घराण्यात चालतो, आई-वडील, भावंडं, मुलं यांच्यात साधारण दहात एकाला तो निघू शकतो. मुलीची टीटीजी-आयजीए करून घ्या, तिला काही त्रास नसला तरी. पत्नीच्या भावंडांनाही सांगा. आणि तपासणी होईपर्यंत मुलीची दुपारची पोळी चालू राहू द्या. रात्रीच्या भाकरीमुळे तिच्या पोटातला गहू इतकाही कमी व्हायला नको की रिपोर्ट फसवा येईल.